गुदामाचा विमा आणि बांधकामांतील दोष

पिकाच्या विम्याविषयीं शेतकरी वर्गांत आतां पुष्कळ चर्चा होते. परंतु पीक घरीं आल्यावर तें ज्या भिंतींच्या आड आणि ज्या छपराखालीं ठेवावयाचें, त्या भिंतींच्या व छपराच्या विम्याविषयीं फारसें कोणी बोलत नाहीं. आपल्या वाडवडिलांचें धान्य पेवांत, बळदांत किंवा कणगींत राहत असे. त्यास विम्याची गरज भासली नाहीं. आतां कर्ज काढून पक्कीं गुदामें, पत्र्याचे गोठे आणि कांद्याच्या चाळी उभ्या राहिल्या आहेत. कर्ज देणारी बँक विमा उतरविण्यास सांगते, हप्ता कर्जखात्यांतून परस्पर वळता होतो, आणि विमापत्र बँकेच्या कपाटांत पडून राहतें. शेतकऱ्यास त्याचें पहिलें दर्शन होतें तें बहुधा भिंत पडल्यावर!

मग अर्ज होतो, पाहणी होते, आणि कांहीं आठवड्यांनीं कंपनीचें पत्र येतें कीं, 'सदरहू नुकसान सदोष बांधकामामुळें झालें असल्यानें आपली मागणी मान्य करतां येत नाहीं.' हें उत्तर कधीं बरोबर असतें, कधीं चूक असतें, आणि कधीं अर्धें बरोबर व अर्धें चूक असतें. तें कोणत्या प्रसंगीं कसें आहे हें ओळखतां आलें तर पुष्कळ शेतकऱ्यांचे हक्काचे पैसे बुडणार नाहींत, आणि जे हक्काचे नाहींत त्यांच्या मागें लागून कोर्टकचेऱ्यांत वर्षें जाणार नाहींत. याकरितां या विषयाची थोडी फोड करण्याचें योजिलें आहे.

विमा कशाचा असतो?

पुष्कळांची समजूत अशी असते कीं, इमारतीचा विमा म्हणजे इमारतीस कांहींही झालें तरी भरपाई. ही समजूत चुकीची आहे. इमारतीचा नेहमींचा विमा हा नांवें घेऊन सांगितलेल्या आपत्तींचा विमा असतो. आग, वीज पडणें, स्फोट, दंगा, वादळ, पूर व जलप्रलय, वाहनाची धडक, जमीन खचणें व दरड कोसळणें, पाण्याची टाकी फुटणें अशा आपत्तींची यादी विमापत्रांत दिलेली असते. नुकसान या यादींतील एखाद्या आपत्तीनें झालें आहे हें दाखविणें हें शेतकऱ्याचें काम. तें दाखविल्यावर, 'अमुक अपवादामुळें आम्ही देणें लागत नाहीं,' असें कंपनीचें म्हणणें असेल तर तो अपवाद लागू पडतो हें सिद्ध करणें हें कंपनीचें काम. पुराव्याचें हें ओझें कोणावर कधीं पडतें, एवढें लक्षांत ठेवलें तरी अर्धा वाद उलगडतो.

आपल्या देशांत दि. १ एप्रिल २०२१ पासून या विम्याचे तीन ठराविक नमुने विमा नियामक प्राधिकरणानें लागू केले आहेत. राहत्या घरासाठीं 'भारत गृह रक्षा'. पांच कोटी रुपयांपर्यंत मालमत्ता असलेल्या लहान धंद्यासाठीं 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा'. आणि पांच कोटींपासून पन्नास कोटींपर्यंतच्या धंद्यासाठीं 'भारत लघु उद्यम सुरक्षा'. धंद्याचें गुदाम व त्यांतील माल यांचा विमा साधारणतः या दुसऱ्या नमुन्यावर निघतो. पूर्वीच्या सर्वसाधारण आग-विम्यांत भूकंपासाठीं वेगळा हप्ता भरावा लागे. या नव्या नमुन्यांत भूकंप मूळ यादींतच घेतला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरांत दगडमातीच्या जाड भिंतींचीं घरें कशीं क्षणांत बसलीं हें ज्यांनीं पाहिलें, त्यांस या फरकाचें महत्त्व सांगावयास नको.

पडलेली भिंत : काळी जमीन व कच्चा पाया

आतां मुख्य वादाकडे वळूं. जमीन खचल्यामुळें झालेलें नुकसान विम्यांत धरलेलें असतें खरें. परंतु त्याच कलमाखालीं कांहीं अपवाद बारीक अक्षरांत दिलेले असतात. नव्या इमारतीचें स्वाभाविक बसणें व तिला पडणारे नेहमींचे तडे. भराव घातलेल्या जमिनीचें दबणें. नदीच्या वा समुद्राच्या पाण्यानें होणारी किनाऱ्याची धूप. सदोष आराखडा, सदोष कारागिरी अथवा हलकें साहित्य. आणि बांधकाम, पाडकाम, दुरुस्ती वा खोदकाम चालू असतां झालेलें नुकसान. या पांच गोष्टींमुळें जमीन खचली वा भिंत बसली तर त्या कलमाखालीं कंपनी देणें लागत नाहीं.

विदर्भ, मराठवाडा व पश्चिम महाराष्ट्रांतील काळ्या जमिनीच्या शेतकऱ्यास हे अपवाद विशेष जाचतात. काळी माती पावसाळ्यांत पाणी पिऊन फुगते व उन्हाळ्यांत आकसून तिला हात हात रुंद भेगा पडतात. हें फुगणें व आकसणें दरवर्षीं चालतें. ज्या इमारतीचा पाया या मातींतच ठेवलेला असतो, ती दरवर्षीं किंचित उचलली जाते व किंचित बसते, आणि तीन-चार वर्षांत भिंतीला तिरपे तडे जातात. पाया काळ्या मातीच्या थराखालीं मुरुमापर्यंत वा खडकापर्यंत नेणें, किंवा तसें करणें परवडत नसल्यास तळाशीं फुगवटा असलेले खांब जमिनींत उतरवून त्यांवर तुळई घालणें, हे यावरचे उपाय आहेत. ते न करतां बांधलेल्या भिंतीस तडे गेले तर 'जमीन खचली' असा अर्ज करून उपयोग होत नाहीं. तेथें कंपनीचा नकार बहुधा टिकतो, कारण ती आपत्ति अकस्मात् आलेली नसते. ती पायाच्या दिवसापासून इमारतींतच असते. जें होणार हें ठरलेलेंच आहे, त्याचा विमा होत नाहीं.

पण याच ठिकाणीं कंपन्यांकडूनही एक चूक होते, व ती शेतकऱ्यानें ओळखली पाहिजे. 'सदोष बांधकाम' हा अपवाद वरील विमापत्रांत जमीन खचण्याच्या कलमाखालीं दिलेला असतो. तो आगीच्या, वादळाच्या वा पुराच्या कलमास आपोआप लागू होत नाहीं. समजा, ओढ्यास पूर येऊन पाणी गुदामांत चार फूट चढलें व भिंत पडली. पाहणी करणारा लिहितो कीं, भिंत मातीच्या जुडाईची होती, सिमेंटची असती तर पडली नसती. हें म्हणणें कदाचित् खरेंही असेल. परंतु भिंत पाडली ती पुरानें. मातीच्या जुडाईची भिंत ओढ्यास पूर आला नसता तर उभीच राहिली असती. विमा उतरवितांना भिंत कशाची आहे हें अर्जांत खरें लिहिलें असेल, तर कंपनीनें ती भिंत पाहून, तिचा दुबळेपणा जाणून हप्ता घेतला आहे. दुबळ्या वस्तूचाही विमा असतो; दुबळेपणाचा मात्र नसतो. हा भेद बारीक आहे, पण सगळा वाद त्यावरच फिरतो.

याला कायद्यांत 'निकटचें कारण' म्हणतात. येथें निकटचें म्हणजे वेळेनें शेवटचें नव्हे, तर परिणामाच्या दृष्टीनें प्रभावी. इंग्लंडांतील सरदार-सभेनें १९१८ सालीं निकालांत काढलेला एक खटला या बाबतींत नेहमीं सांगितला जातो. पहिल्या महायुद्धांत एका जहाजास पाणसुरुंगी बाण लागला. तें कसेंबसें बंदरांत आणलें. तेथें वारा सुटला, तें तळावर आपटूं लागलें व अखेर दोन तुकडे होऊन बुडालें. वाऱ्यानें बुडालें म्हणावें कीं बाणानें? विमापत्रांत युद्धाचें नुकसान वगळलेलें होतें. न्यायाधीशांनीं ठरविलें कीं, बाणाचा परिणाम शेवटपर्यंत चालू होता, तोच खरें कारण. म्हणून कंपनी देणें लागत नाहीं. हाच नियम शेतकऱ्याच्या बाजूनेंही चालतो. पुराचें पाणी ओसरल्यावर चार दिवसांनीं भिजलेली भिंत पडली तरी कारण पूरच. मधले चार दिवस तें पुसून टाकीत नाहींत.

पाऊस आणि पूर एक नव्हेत

पत्र्याच्या खिळ्यांच्या भोकांतून, स्लॅबच्या तड्यांतून किंवा तुंबलेल्या पन्हाळींतून पावसाचें पाणी आंत झिरपून पोतीं भिजलीं, तर तें पुराचें नुकसान नव्हे. तो छपराच्या निगेचा प्रश्न होय. वादळानें पत्रे उडाले आणि मग पाऊस आंत शिरला तर गोष्ट वेगळी, कारण तेथें वादळ हें कारण आहे. अर्थात् वादळ झालें हें दाखवावें लागतें. त्यासाठीं त्याच दिवशीं गांवांत पडलेलीं झाडें व उडालेले शेजाऱ्यांचे पत्रे यांचे फोटो, तलाठ्याचा पंचनामा, वर्तमानपत्रांतील बातमी व जवळच्या हवामान केंद्राची नोंद हीं साधनें फार उपयोगी पडतात. एकट्या आपलेच पत्रे उडाले असतील तर ते बोल्टांनीं आवळलेले नव्हते, असें पाहणी करणारा लिहील, यांत नवल नाहीं.

आग : कारणाचा वाद

आगीच्या बाबतींत शेतकऱ्याची बाजू पुष्कळ बळकट आहे, व ती अलीकडच्या दोन निकालांनीं अधिकच बळकट झाली आहे.

पहिला निकाल तर प्रत्यक्ष शेतकऱ्यांचाच आहे. कर्नाटकांतील कांहीं शेतकऱ्यांनीं आपला माल एका शीतगृहांत ठेवून त्याच्या तारणावर कॅनरा बँकेकडून कर्जें घेतलीं होतीं. शीतगृहाचा व मालाचा विमा शीतगृहाच्या मालकानें युनायटेड इंडिया या कंपनीकडे उतरविला होता. दि. १३ जानेवारी २०१४ च्या रात्रीं आग लागून इमारत व माल दोन्ही जळून गेलीं. कंपनीनें पैसे नाकारले. आग अपघाती नव्हती, आणि करार शीतगृहाशीं आहे, शेतकऱ्यांशीं नाहीं, असें तिचें म्हणणें होतें. दि. ६ फेब्रुवारी २०२० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें दोन्ही मुद्दे फेटाळले. ज्या विम्याचा लाभ शेतकऱ्यांच्या मालास मिळावयाचा, त्या विम्याचे ते लाभधारक असून ग्राहक या नात्यानें त्यांस दाद मागतां येते. आणि आग विमेदारानेंच लावली असें सिद्ध झाल्याशिवाय ती कशानें लागली हा प्रश्न गौण आहे, असा या निकालाचा आशय आहे. दुसऱ्याच्या गुदामांत माल ठेवणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्यानें हा निकाल लक्षांत ठेवावा.

दुसरा निकाल नोव्हेंबर २०२३ मधील, मुदित रोडवेज या संस्थेच्या गोदामाचा आहे. छपराचें काम चालू असतां तेथें आग लागली. काम करणाऱ्या ठेकेदारानें सावधगिरी बाळगली नाहीं, या आधारावर न्यू इंडिया कंपनीनें मागणी नाकारली. सर्वोच्च न्यायालयानें तें मान्य केलें नाहीं. आग विमेदारानें मुद्दाम लावलेली नसेल तर तिचें नेमकें कारण काय, याला महत्त्व नाहीं, असें पुन्हां सांगितलें. बांधकामाचा दोष व कारागिराची हयगय हीं आगीच्या विम्यांतून पैसे नाकारण्याचीं सबळ कारणें सहसा होत नाहींत, हें यावरून दिसून येईल.

तथापि आगीच्या कलमासही कांहीं अपवाद आहेत आणि ते शेतमालाशीं निगडित आहेत. ओलसर गंजी, पेंड, सरकी वा कापूस दाबून रचला असतां आंतल्या आंत उष्णता वाढून तो माल स्वतःच पेट घेतो. जुन्या आग-विमापत्रांत अशा स्वतः तापून पेटलेल्या मालाचें नुकसान वगळलेलें आहे, व तें हवें असल्यास जादा हप्ता भरून घ्यावें लागे. वाळवणीच्या भट्टींत घातलेल्या मालाचेंही तसेंच. विजेची मोटार वा यंत्र शॉर्ट सर्किट होऊन जळालें तर त्या यंत्राची भरपाई आग-विम्यांत मिळत नाहीं. परंतु तेथून आग पसरून छप्पर व माल जळाला तर त्या मालाची व छपराची मिळते. पुष्कळ शेतकरी 'मोटारीमुळें आग लागली, म्हणजे गेलेंच' असें समजून स्वस्थ बसतात. तसें समजूं नये.

बांधकाम चालू असतांना

गुदाम पुरें होण्याआधींच्या नुकसानासाठीं वेगळा विमा आहे. त्यास ठेकेदाराचा सर्व-जोखीम विमा म्हणतात. त्यांत अपवादांचा विचार फार मार्मिक केला आहे. सदोष आराखड्यानें झालेलें नुकसान त्यांत मिळत नाहीं. सदोष कारागिरी वा हलकें साहित्य यांच्या बाबतींत मात्र जो भाग सदोष तेवढ्याच्याच दुरुस्तीचा खर्च वगळलेला असतो. त्या दोषामुळें अपघात होऊन जो भाग नीट बांधलेला होता त्याचें नुकसान झालें, तर तें मिळतें.

उदाहरण घेऊं. एका खांबांत सिमेंट कमी पडलें. तो मोडला आणि त्यावरचें नीट केलेलें लोखंडी छप्पर खालीं आलें. खांब पुन्हां उभारण्यास चाळीस हजार रुपये व छपरास तीन लाख रुपये लागत असतील, तर चाळीस हजारांचा भार ठेकेदारानें सोसावा, आणि तीन लाखांतून विमापत्रांत ठरलेली स्वतः सोसावयाची रक्कम वजा करून बाकी कंपनीनें द्यावी. अशा वेळीं 'सर्व नुकसान सदोष कामाचें' असें लिहून सगळीच मागणी फेटाळलेली असेल, तर ती अर्धी बरोबर व अर्धी चूक ठरते. म्हणून खर्चाचें अंदाजपत्रक देतांना सदोष भाग व चांगला भाग यांचे आंकडे वेगळे मांडावे. एकत्र मांडल्यास दोन्ही जातात.

ठेकेदाराशीं करार लेखी करावा. पायाची खोली, सिमेंटचें प्रमाण, लोखंडाचें वजन, आणि काम पुरें झाल्यावर किती महिनेपर्यंत दोष त्यानें स्वखर्चानें काढून द्यावयाचे, हें त्यांत असावें. विमा कंपनी जेथें हात झटकते तेथें हाच कागद उपयोगी पडतो. तोंडी कराराला भिंत पडल्यावर कोणी साक्षी राहत नाहीं.

कमी रकमेचा विमा

हप्ता वाचविण्यासाठीं कमी किंमत लिहिण्याची खोड पुष्कळांस असते. तिचा परिणाम काय होतो तो पाहा. गुदाम व माल मिळून वीस लाखांचा, आणि विमा बारा लाखांचाच. आगींत पांच लाखांचें नुकसान झालें. शेतकरी म्हणतो, माझा विमा बारा लाखांचा आहे, पांच लाख द्या. कंपनी म्हणते, वीसपैकीं बारा हिस्से आमचे, आठ हिस्से तुमचे. म्हणून पांचापैकीं तीन लाख आमचे व दोन लाख तुमचे. यास सरासरीचें कलम म्हणतात, आणि तें न्यायालयांतही टिकतें. सूक्ष्म उद्यम सुरक्षेच्या नमुन्यांत शेंकडा १५ पर्यंतची तूट माफ केली आहे. म्हणजे वीस लाखांच्या ठिकाणीं सतरा लाखांचा विमा असला तरी कपात होत नाहीं. वरील उदाहरणांत तूट शेंकडा ४० आहे, तेथें माफी नाहीं. गृह रक्षेंत हें सरासरीचें कलम लावीत नाहींत, ही घरमालकाच्या दृष्टीनें मोठी सोय आहे.

लोखंड, सिमेंट व मजुरी यांचे भाव वाढले म्हणजे पांच वर्षांपूर्वीं लिहिलेली रक्कम आपोआप अपुरी होते. दर नूतनीकरणाच्या वेळीं ती तपासावी. सुगीनंतर माल जास्तींत जास्त असतो, त्या वेळची किंमत धरावी. उन्हाळ्यांतील रिकाम्या गुदामाची नव्हे.

अर्जांत खरें लिहिणें

विम्याचा करार हा पूर्ण विश्वासाचा करार होय. भिंती व छप्पर कशाचें, आजूबाजूस काय आहे, पूर्वी पाणी शिरलें होतें काय, या प्रश्नांचीं उत्तरें खरीं द्यावीं. गवत, बांबू, लाकूडफळ्या वा प्लास्टिक यांचें बांधकाम कच्चें समजलें जातें व त्यास हप्ता अधिक पडतो. कांद्याची चाळ बांबूची असतां 'पक्की इमारत' असें लिहिल्यास थोडे पैसे वांचतात, पण आपत्तीच्या दिवशीं कंपनीस आयतें कारण मिळतें. अर्ज एजंटानें भरला ही सबब चालत नाहीं; सही आपली असते.

विमापत्राचा शब्द संदिग्ध असेल तर त्याचा अर्थ तें लिहिणाऱ्या कंपनीच्या विरुद्ध लावावा, असें सर्वोच्च न्यायालयानें १९६६ सालीं चंदमल जैन यांच्या खटल्यांत सांगितलें आहे. मात्र त्याच खटल्यांत विमेदार हरले, हेंही सांगितलें पाहिजे. बंगालमधील धुलियान येथें गंगेच्या काठच्या घरांचा तो विमा होता. नुकसान होण्यापूर्वीं कंपनीनें करारांतील अटीप्रमाणें विमा रद्द केला होता, आणि ती अट स्पष्ट होती. तात्पर्य, संदिग्ध शब्द शेतकऱ्याच्या बाजूचा. स्पष्ट शब्द ज्याच्या बाजूनें असेल त्याचा.

आपत्तीनंतरचे दिवस

नुकसान झाल्याबरोबर कंपनीस व बँकेस लेखी कळवावें. जुन्या आग-विमापत्रांत मागणीचा तपशील पंधरा दिवसांच्या आंत देण्याची अट आहे. उशीर झाल्यास त्याचें खरें कारण लिहावें. खऱ्या मागण्या केवळ उशिराच्या कारणावर यांत्रिकपणें नाकारूं नयेत, असें नियामकानें सप्टेंबर २०११ मध्यें कंपन्यांस बजाविलें असून सर्वोच्च न्यायालयानेंही २०१७ सालीं एका ट्रक-चोरीच्या प्रकरणांत तेंच म्हटलें आहे. पण या आधारावर मुद्दाम उशीर करूं नये.

पाहणी होईपर्यंत पडलेला भाग हलवूं नये. हलविणें भागच असेल तर सर्व बाजूंनीं फोटो काढून, पंचनामा करून हलवावा. वांचलेला माल मात्र तत्काळ वेगळा करून सुकवावा. विमा आहे म्हणून चांगलीं पोतींही भिजत ठेवणें अटींच्या विरुद्ध आहे. भिंतीचा पाया जेथें उघडा पडला आहे तेथील फोटो अवश्य घ्यावा. पाया मुरुमावर होता हें दाखविण्यास याहून चांगला पुरावा नाहीं, आणि तो एकदां बुजला कीं पुन्हां मिळत नाहीं.

आणखी एक अट फार थोड्यांस ठाऊक असते. इमारत वा तिचा भाग विम्यांतील आपत्तीवांचून, म्हणजे आपल्याच जीर्णतेनें पडला, तर त्या दिवसापासून सात दिवसांनीं जुन्या आग-विमापत्राप्रमाणें विमा संपुष्टांत येतो; कंपनीस लगेच कळवून तिची संमति मिळविली तरच तो पुढें चालतो. एक भिंत पडली, गप्प बसलों, आणि महिन्यानें आग लागली, तर त्या आगीची भरपाईही अडचणींत येते. इमारत तीस दिवसांहून अधिक काळ बंद व वापराविना ठेवल्यासही तशीच अडचण आहे. आपल्या विमापत्रांत या अटी कशा शब्दांत आहेत तें पाहून ठेवावें.

मोठ्या मागण्यांची पाहणी परवाना असलेल्या सर्व्हेयरकडून करवून घेणें विमा कायदा, १९३८ प्रमाणें कंपनीस भाग आहे. नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणें सर्व्हेयरचा अहवाल पंधरा दिवसांत यावा व त्यानंतर सात दिवसांत कंपनीनें निर्णय द्यावा. अहवालाची प्रत लेखी अर्जानें मागून घ्यावी. सर्व्हेयरचा अहवाल महत्त्वाचा असला तरी तो अंतिम शब्द नव्हे, असें सर्वोच्च न्यायालयानें २००९ सालीं प्रदीप कुमार यांच्या प्रकरणांत स्पष्ट केलें आहे. मात्र तो खोडण्यास नुसती तक्रार पुरत नाहीं. एखाद्या पदवीधर बांधकाम-अभियंत्याचा, कारणें दिलेला उलट अहवाल जोडावा लागतो. तो घेण्याचा खर्च बहुधा वाया जात नाहीं.

नकाराचें पत्र जपून ठेवावें. त्यांत जें कारण दिलेलें नाहीं तें कंपनीस पुढें आयोगापुढें नव्यानें काढतां येत नाहीं, असें २०१९ सालीं सौराष्ट्र केमिकल्सच्या खटल्यांत ठरलें आहे. कंपनीनें तोंडी नकार दिला तर लेखी मागावा.

दाद कोठें मागावी?

प्रथम कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्यावी. एक महिन्यांत उत्तर न आल्यास वा समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे जातां येतें. मुंबई व पुणें येथें त्यांचीं कार्यालयें आहेत. तेथें फी नाहीं, वकिलाची गरज नाहीं. पन्नास लाख रुपयांपर्यंत भरपाई देण्याचा त्यांस अधिकार आहे, आणि कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आंत जावें लागतें. दुसरा मार्ग ग्राहक आयोगाचा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणें कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आंत तक्रार दाखल करावी. जिल्हा आयोगाचा अधिकार भरलेल्या हप्त्याच्या रकमेवरून ठरतो, नुकसानीच्या रकमेवरून नव्हे. म्हणून बहुतेक शेतकऱ्यांचीं प्रकरणें जिल्ह्याच्या गांवींच चालूं शकतात. एकाच वेळीं दोन्ही दारें ठोठावूं नयेत. आयोगापुढें गेलेलें प्रकरण लोकपाल घेत नाहीं.

कंपनीनें थोडी रक्कम देऊं करून 'पूर्ण व अंतिम समाधान झालें' अशा पावतीवर सही मागितली, तर ती घाईनें करूं नये. पैशाची निकड असल्यास 'बाकी रकमेचा हक्क राखून स्वीकारलें' असें लेखी कळवून मगच घ्यावी.

उपसंहार

वरील विवेचनाचें सार थोडक्यांत असें. इमारतीच्या स्वतःच्या दोषानें इमारत पडली तर तो भार आपला किंवा ठेकेदाराचा; बाहेरून आलेल्या आपत्तीनें पडली तर, ती दुबळी असली तरी, भार कंपनीचा. या दोहोंमधील सीमारेषा कागदावर नव्हे, तर पायांत, फोटोंत व वेळेवर केलेल्या पंचनाम्यांत ठरते.

तहान लागल्यावर विहीर खणण्यांत अर्थ नाहीं. पुढील पाऊस लागण्यापूर्वीं प्रत्येक शेतकरी बंधूनें बँकेंत जाऊन आपल्या विमापत्राची प्रत मागावी. तींत इमारतीचें वर्णन खरें आहे काय, रक्कम पुरेशी आहे काय, मालाचा समावेश आहे काय, मुदत कधीं संपते, एवढीं चार कलमें जरूर वाचावीं. वाचतां न आल्यास गांवांतील शिकलेल्या मुलाकडून वाचवून घ्यावीं. त्याच दिवशीं गुदामाभोंवतीं एक फेरी मारून भिंतींचे तडे, पन्हाळ व पत्र्यांचे बोल्ट पाहावे, व कोरड्या गुदामाचे फोटो तारखेसह काढून ठेवावे. एका सकाळचें हें काम आहे. परंतु वाईट दिवशीं वर्षाची कमाई वांचली तर ती याच सकाळीमुळें वांचेल.